फळीपलीकडच्या मॅडम

"बरं, मग?" असं म्हणून त्या टेबलाला टेकायच्या आणि खडूचे हात पदराला पुसायच्या. त्यामुळे दुपारपर्यंत त्यांच्या प्रत्येक साडीच्या पदरावर पांढरी बोटं उमटलेली असायची. समोर नववीतलं एखादं पोर इंग्रजी वाक्य जुळवत उभं असायचं. कर्ता एकीकडे, क्रियापद बेपत्ता, काळाचा तर पत्ताच नाही. मॅडम त्याच्याकडे अशा बघायच्या, जणू ते गावाकडून आत्ताच आलंय आणि तिकडची खबर सांगतंय. पोर दम घ्यायला थांबलं की पुन्हा, "बरं, मग?"

तुम्हालाही शाळेतल्या अशा एखाद्या मॅडम आठवत असतील. त्यांच्या शेजारच्या वर्गावर आणखी कुणीतरी बाई शिकवायची. ती तुम्हाला आठवणार नाही. मी ती शेजारची.

आमची शाळा सुरतेत, पांडेसऱ्यात, मराठी माध्यमाची. पोरं बहुतेक खानदेशातून आलेल्या कामगारांची, कुणाचा बाप लूमवर, कुणाचा डाइंगमध्ये. एका लांबड्या खोलीत मध्ये प्लायवूडची फळी ठोकून नववीचे दोन वर्ग केलेले. 'अ' वर्ग त्यांचा, 'ब' माझा. दोन्हीकडे इंग्रजी. फळी छतापर्यंत पोचतच नव्हती, त्यामुळे तिकडचं सगळं इकडे ऐकू यायचं. मी इकडे शब्दार्थ लिहून देत असायचे आणि तिकडून हसण्याचा लोंढा यायचा. माझ्या वर्गातली पोरं तोंडं वहीत घालून कान तिकडे लावायची. मला दिसत नव्हतं असं थोडंच आहे.

सरळच सांगते, मी त्यांच्यावर जळत होते. आणि मला जळायचा हक्क होता. मी अमळनेरची, इंग्रजीत एम. ए., पहिला वर्ग. आमच्या घरात इंग्रजी आणणारी मी पहिली. मामाच्या घरी राहून, धुणीभांडी करून शिकले. त्या साध्या बी. ए., बी. एड. होत्या. स्पेलिंगच्या बाबतीत तर आनंदच होता. शिकवता शिकवता अडल्या की फळीवर टकटक करायच्या आणि वर्गासमोर मोठ्याने विचारायच्या, "मॅडम, ह्या शब्दात एक टी का दोन?" मी सांगायचे. त्या तिकडून, "बघा रे, पलीकडच्या मॅडमला सगळं पाठ शे."

पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी मनात म्हटलं, आता ह्यांची गेली इज्जत. पण नाही. त्यांच्या वर्गातल्या पोरांना त्या आणखीच आवडायला लागल्या. मी एकदा तारीख चुकीची लिहिली होती तर माझा वर्ग आठवडाभर फिदीफिदी हसत होता. हे गणित मला कधी सुटलं नाही.

वर्षाच्या सुरुवातीला त्या पोरांना एक काम द्यायच्या. घरून एक इंग्रजी शब्द आणायचा, पुस्तकातला नको, आईबापाच्या तोंडातला. पोरं म्हणायची, आमच्या घरात कुणालाच इंग्रजी येत नाही. दुसऱ्या दिवशी फळा भरून जायचा. शिफ्ट, ओव्हरटाइम, बीम, बॉबिन, चेकिंग, फोल्डिंग, डिस्पॅच, कटपीस. एकाने 'डॅमेज' आणला होता. "माझे पप्पा रोज बोलतात, मॅडम. डॅमेज निघाला तर शेठ पगारातून कापतो." मग त्या शब्दावर दोन दिवस चालायचं. काय काय डॅमेज होतं, कुणामुळे होतं, पगार खरं तर कुणाचा कापायला पाहिजे. पोरं बाकावर उभी राहून बोलायची, निम्मी अहिराणीत, थोडी हिंदीत, आणि जिथे जमेल तिथे इंग्रजीत. मी इकडे 'विरुद्धार्थी शब्द' असा मथळा लिहून त्याखाली रेघ मारत उभी.

धडा शिकवतानाही तीच तऱ्हा. पुस्तकात एक गोष्ट होती, लेकीच्या शिक्षणासाठी गाय विकायला निघालेल्या बाईची. मी ती तीन तासांत संपवली, प्रश्नोत्तरांसकट. त्यांच्याकडे ती गाय पंधरवडा विकली जात नव्हती. "शी नो सेल, मॅडम," एक पोरगा फळी हादरेल असा ओरडत होता. "काऊ गो, मिल्क गो, देन व्हॉट ईट?" एक मुलगी त्याला उत्तर देत होती, "डॉटर लर्न, डॉटर बाय टू काऊ." व्याकरणाचा नुसता चेंदामेंदा. मी खडू खाली ठेवला. त्या मुलीचं म्हणणं मला पटलं होतं आणि त्याचाच राग आला होता.

निकालात मात्र माझाच वर्ग पुढे असायचा, हेही लिहून ठेवते. पेपर तपासणारा 'बरं, मग?' म्हणत नाही, गुण कापतो. त्यांना ते माहीत होतं. परीक्षा जवळ आली की त्या आपल्या कच्च्या पोरांना माझ्याकडे पाठवायच्या. "स्पेलिंग मॅडमकडून करून घ्या रे, माझ्याकडे ते नही." पोरं यायची, बसायची, पाठ करायची, आणि घंटा झाली की पळत पलीकडे जायची.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी एकाच शेअर रिक्षाने भेस्तानला जायचो. त्यांना माझ्याशेजारीच बसायचं असायचं. रिक्षावाला म्हणायचा, "बेन, आगे जगा छे," आणि त्या मला चिकटून, "आठेच बरं शे, भाऊ." शाळेत मी मॅडम, रिक्षात बहीण. मी मात्र शाळेत आणि रिक्षात त्यांना मॅडमच म्हणायचे. खमणाची पुडी सोडून त्या माझ्या मांडीवर ठेवायच्या. मी दोन तुकडे खायचे आणि नको म्हणायचे, मग घरी जाऊन वाटायचं, आणखी खाल्ले असते तर काय बिघडलं असतं.

पोरांचं प्रेम तिकडे गेलं ते मी सोसलं. पण मग माझी मुलगी नववीत आली.

आईच्या वर्गात लेक नको, लोक नावं ठेवतात, म्हणून मीच मुख्याध्यापकांना सांगितलं आणि ती 'अ' वर्गात गेली. माझी मुलगी हुशार, अक्षर सुंदर, व्याकरण मी तिसरीपासून घोटून घेतलेलं. पण इंग्रजी बोलायला तोंड उघडायची नाही. घरी मी म्हणायचे, इंग्रजीत सांग बघू, आज शाळेत काय झालं. ती "काही नाही" म्हणायची, मराठीत, आणि दप्तर उघडायची. माझ्याकडे दुसरं काही तिला द्यायला नव्हतं हो. दागिने नाहीत, गावी शेत नाही. एवढी एक भाषा होती, कमावलेली. ती लेकीशी बोलून बघावी, तिने आपल्याशी दोन वाक्यं बोलावीत, एवढंच हवं होतं. तेवढंही ती देत नव्हती.

आणि एके दिवशी मी फळ्यावर लिहीत असताना फळीपलीकडून तिचा आवाज आला, इंग्रजीत.

विषय बहुधा 'घर' होता. ती थांबत थांबत बोलत होती. "माय मदर टीचर. होल डे स्टँड. होम कम, देन ऑल्सो स्टँड. कुक, वॉश, चेक पेपर. आय थिंक आय से, मम्मी, सिट. बट आय नॉट से."

"बरं, मग?"

"इफ आय से, शी सी माय मिस्टेक फर्स्ट."

मला बस म्हणायचं तिच्या मनात होतं, आणि मी आधी चूक बघेन म्हणून ती गप्प राहत होती. हे मला प्लायवूडच्या पलीकडून कळत होतं, चाळीसेक पोरांसोबत. माझ्या वर्गानेही ते ऐकलं. पुढच्या बाकावरची एक शहाणी मुलगी उगाचच वहीची पानं उलटायला लागली, मला बरं वाटावं म्हणून. मी पाठमोरीच होते. आणि तुम्हाला खरं सांगू, त्या क्षणीसुद्धा माझं डोकं चुका मोजत होतं. 'टीचर'च्या आधी काही नाही, 'सी'ला काही नाही. रडू आलं ते नंतर, तेही मुलीचं बोलणं ऐकून नाही. ते तिने त्या बाईला सांगितलं म्हणून.

त्या दिवशी रिक्षात मी बाहेर तोंड करून बसले. डाइंगच्या गल्लीतला रंगाचा उग्र वास येत होता. त्यांनी पुडी सोडली, मी हात लावला नाही.

"पोर चांगली बोलनी आज," त्या म्हणाल्या.

"चुका फार होत्या."

"व्हत्या ना." त्यांनी पुडी पुन्हा बांधली. मग म्हणाल्या, "तुनी लेक शे, बहीन. तुनीच ऱ्हाई."

तुझीच राहील, असं त्या म्हणत होत्या. तो त्यांचा मोठेपणा मला अजिबात सहन झाला नाही. घेणाऱ्यानेच असं म्हणावं म्हणजे काय. मी रिक्षावाल्याला अलीकडेच थांबवायला सांगितलं आणि उरलेलं अंतर चालत गेले. घरी गेल्यावर मुलीने पाण्याचा पेला आणून दिला. मी तिच्याकडे बघत राहिले, वाटलं, आता म्हणेल, मम्मी, बस. ती पेला घेऊन परत आत गेली.

मी काही बदलले वगैरे नाही. दहावीत तिला पुन्हा घोटून घेतलं, काळ, प्रयोग, शब्दयोगी अव्ययं, सगळं. ती निमूट करायची. व्याकरणात तिचा एकही गुण गेला नाही. पेढे घेऊन ती आधी कुणाकडे गेली असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्याच वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. मुलाकडे नंदुरबारला जायचं ठरलं. निरोपाच्या कार्यक्रमात 'अ' वर्ग रडला ते ठीक, माझा 'ब' वर्गही रडला. एका पोराला मी विचारलं, तुला तर त्यांनी कधी शिकवलं नाही, तू का रडतोस. तो म्हणाला, "ऐकू यायचं ना, मॅडम." मुख्याध्यापकांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी शुद्ध मराठीत चार वाक्यं बोलले आणि खाली बसले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत शेवटपर्यंत.

आता फळीपलीकडे कंत्राटावर आलेला एक तरुण मास्तर आहे. तो मोबाइलवर उत्तरं दाखवतो आणि पोरं उतरवून घेतात. तिकडून आवाज येत नाही. माझा वर्ग आता माझ्याकडे बघतो. मला हेच हवं होतं, आणि आता त्यांच्यासमोर काय बोलावं हे मला सुचत नाही.

मुलगी अकरावीत आहे. दर रविवारी दुपारी ती गॅलरीत उभी राहून मॅडमना फोन करते. अर्धा अर्धा तास इंग्रजी चालतं. काय झरझर बोलते. तिचे पप्पा इच्छापोरच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलेले असतात, ते आत झोपलेले, आणि मी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज न करता काम करत असते. कशाला, ते सांगायची गरज नाही. मॅडम मला फोनवर बोलावतात, तेव्हा मी आतूनच सांगते, हात पिठाचे आहेत, नमस्कार सांग.

गेल्या रविवारी मुलगी फोन घेऊन ओट्यापाशी आली. स्पीकर लावला होता. "मम्मी, बोल. मॅडम रिक्षाचं विचारतायत."

"हू सिट्स विथ यू इन द रिक्षा नाऊ?" पलीकडून मॅडमचा आवाज आला.

इतकी वर्षं आम्ही दोघी इंग्रजी शिकवत होतो, फळीच्या दोन बाजूंना. एकमेकींशी इंग्रजीत एक वाक्य कधी बोललो नव्हतो. माझ्या लक्षात आलं की मी कुणाशीच बोलले नव्हते. मी शिकवलं होतं, वाचलं होतं, तपासलं होतं. आता मनात वाक्य बांधायला घेतलं. कर्ता ठेवला, क्रियापद ठेवलं, काळ बघितला, पुन्हा मोडलं. नंदुरबारला त्यांच्या घरातला पंखा करकरत होता, तो ऐकू येत होता. त्या थांबल्या होत्या. मुलगीही तळहातावर फोन धरून थांबली होती.

"नोबडी," मी म्हटलं. मग उरलेलं एकदमच बाहेर पडलं. "आय कीप माय बॅग देअर. आय एम वेटिंग यू."

तोंडातून सुटताक्षणी मला ते कळलं, 'फॉर' राहिला होता. ह्याच चुकीवर मी किती पोरांच्या वाक्यांखाली लाल रेघ ओढली असेल. मी मुलीकडे पाहिलं. तिलाही कळलं होतं. तिच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसलं. कळायलाच हवं होतं, तिला ते मीच शिकवलं होतं, ह्याच ओट्यापाशी, वेलची सोलता सोलता.

तिने चूक काढली नाही. फोन तेवढा माझ्या आणखी जवळ धरला.