पास खिशात, मेंढी हातात

ज्यांना अख्खी गल्ली बत्तीशीकाका म्हणायची, ते गृहस्थ कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे त्यांच्याकडे पाठवायचे. काका त्यावर मेण लावायचे, एकेक दात बसवायचे आणि घासूनपुसून चकचकीत कवळी परत पाठवायचे. हे काम ते मामांच्या हाताखाली शिकले. मामा गेल्यावर कारखाना काकांकडे आला. कारखाना म्हणजे एक खोली, एक खिडकी, प्लास्टरने पांढरं झालेलं टेबल आणि भिंतीभर फळ्यांवर आ वासून बसलेले साचे. नवा माणूस आत आला की दचकायचा. काकांना मात्र तिथे फार बरं वाटायचं. इतकी तोंडं आणि एकही बोलत नाही, हे सुख घरी कुठलं, असं ते म्हणायचे; अर्थात काकू जवळ नसताना.

स्वभाव सरळ. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नल लाल आहे म्हणून स्कूटर थांबवून उभे राहायचे. एकदा असेच उभे राहिले आणि सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी हललेच नाहीत. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले, तेव्हा कळलं की काकांना तो दिवाच धड दिसत नव्हता. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि लेकीने त्याच आठवड्यात स्कूटर विकून टाकली.

"बाबा, आता बसने जायचं," तिने बजावलं आणि त्यांच्या हातात एक करड्या रंगाचं कार्ड ठेवलं. "यात वर्षभराचा पास आहे."

काकांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. एक नागमोडी रेघ सोडली तर त्यावर काहीच नव्हतं. "कुठे आहे पास?"

"आत आहे. कंडक्टरच्या यंत्राला लावलं की हिरवा दिवा लागतो. संपलं."

संपलं कसलं, तिथूनच सुरू झालं.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांकडे पोचवायची, दुसऱ्यांचे दात भरलेली पिशवी मांडीवर घेऊन काका खिडकीशी बसले. कंडक्टरबाई आल्या. त्यांच्या पुढच्या दोन दातांत चांगली ऐसपैस फट होती, हे काकांनी आधी पाहिलं. माणसाचं तोंड बघायच्या आधी ते दात बघायचे, त्याला इलाज नव्हता. मग त्यांनी ऐटीत कार्ड पुढे केलं.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"पास."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. आत आहे."

"आत म्हणजे कुठे?"

"कार्डाच्या आत."

बाईंनी कार्ड उजेडात धरलं, कानाशी नेऊन हलवलं. आतून काही आवाज आला नाही. "काका, माझ्या आत पण खूप काही आहे, पण मी ते दाखवून बसमध्ये बसत नाही. तिकीट घ्या."

"तुमच्याकडे यंत्र असेल ना?"

"ते पिशवीत आहे."

"मग काढा की."

"ते काढायचं असं आम्हाला कुणी सांगितलेलं नाही."

काकांनी निमूटपणे तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी वेगळा कंडक्टर होता, पिळदार मिशांचा. त्याने कार्ड पाहून काकांना हॉटेलच्या खोलीची किल्ली परत द्यायला विसरलात का, असं विचारलं. तिसऱ्याने तर यंत्र खरंच बाहेर काढलं. काकांच्या जिवात जीव आला. कार्ड लावलं, टिंग झालं, हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर 'स्वीकृत' अशी अक्षरं उमटली.

"बघा!" काका म्हणाले.

कंडक्टरने ती अक्षरं दोनदा वाचली. "स्वीकृत आहे, ते दिसतंय. पण काय स्वीकृत आहे? तिकीट असं कुठे म्हटलंय? उद्या मी याला माझा चष्मा लावला आणि ते स्वीकृत म्हणालं, तर चष्म्याला फुकट नेऊ?"

काकांनी दात आवळून तिकीट काढलं.

रविवारी ते बस कंपनीच्या कचेरीत गेले. काचेमागच्या माणसाने कार्ड तपासून सांगितलं, "अगदी ठणठणीत आहे. पास चालू आहे."

"मग हे तुमच्या कंडक्टरांना सांगा."

"ते आमच्याकडे येत नाहीत हो. ते बसमध्ये असतात." मग त्याला दया आली. त्याने खणातून कंपनीचं नाव छापलेलं एक झगझगीत पिवळं प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि कार्ड त्यात सरकवलं. "हे घ्या. आता कुणीही ओळखेल."

सोमवारी मिशावाल्याने पाकीट लगेच ओळखलं. "हे पाकीट आमचंच," तो म्हणाला, आणि डोळे बारीक केले. "पण आत कुणाचं कार्ड घालून आणलंत?"

त्या दिवशी काका घरी आले ते दातओठ खातच, आणि ते पिवळं पाकीट त्यांनी कचऱ्याच्या डब्यात फेकलं. काकू सोफ्यावर विणत बसल्या होत्या. त्यांच्या हातून कधी एक धड स्वेटर पुरा झाला नव्हता, पण विणकाम थांबत नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पास आहे तरी तिकीट काढता? मी असते तर जागची उठलेच नसते."

"त्यांनी उतरवलं असतं तर?"

"उतरवून बघू दे की."

काकांमध्ये ती धमक नव्हती. ते रोज तिकीट काढत राहिले. आपल्याकडे दोन-दोन तिकिटं आहेत आणि तरी आपणच चोर ठरतो, हे मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना.

मग एका सकाळी घाई झाली. टेबलावरचं कार्ड खिशात टाकून काका धावत बस पकडायला गेले. कंडक्टरबाई समोर आल्या तशी त्यांनी मान खाली घालून कार्ड पुढे केलं आणि नेहमीच्या बोलण्याची वाट पाहू लागले.

"हां, बसा," बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

काकांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यांनी हातातल्या कार्डाकडे पाहिलं आणि त्यांचे डोळेच पांढरे झाले. ते काकूंचं कार्ड होतं, लोकरीच्या दुकानाचं. लालभडक, सोनेरी काठाचं, आणि मधोमध एक मेंढी दात काढून हसत होती.

उठून सांगावं की बाई, तुमची चूक होतेय? की आपल्याकडे पास आहेच, मग चूक कसली? हा विचार संपायच्या आत त्यांचा थांबा आला. संध्याकाळी परतताना त्यांनी भीत भीत मिशावाल्यापुढे मेंढी धरली. मिशावाल्याने तर चक्क मान झुकवली.

त्या दिवसापासून काकांची सोय झाली. डाव्या खिशात पास, उजव्या हातात मेंढी. मेंढी दाखवताना ते डावा हात हळूच खिशातल्या खऱ्या कार्डावर ठेवायचे, म्हणजे मनाला टोचत नसे. त्यांच्या हिशेबाने ते खरा पासच दाखवत होते, फक्त कापडाआडून.

काकूंनी आपलं कार्ड परत मागितलं तेव्हा पंचाईत झाली. शेवटी काका स्वतः लोकरीच्या दुकानात जाऊन सभासद झाले. दुकानदारीणबाई खूश झाल्या. पुरुष सभासद त्यांच्याकडे हे पहिलेच.

"काय विणता आपण?" त्यांनी आदराने विचारलं.

काकांना खोटं बोलता येत नव्हतं. "मी दात करतो," ते म्हणाले. बाईंनी थोडा विचार करून त्यांना पांढरी लोकर दिली.

असे बरेच दिवस सुखात गेले. कंडक्टरबाई आता लांबूनच मेंढी ओळखायच्या. आणि एके दिवशी मधल्या थांब्यावर तिकीट तपासनीस चढले. अंगापिंडाने भरदार, इस्त्रीचा गणवेश आणि हातात चालू यंत्र. तपासनीसांनी मेंढी यंत्राला लावली. यंत्राने असा काही गळा काढला की ड्रायव्हरने ब्रेक दाबला. लाल दिवा लागला. अख्खी बस वळून बघू लागली.

"हे लोकरीच्या दुकानाचं कार्ड आहे," तपासनीस म्हणाले.

"हो," काका म्हणाले. "थांबा, खरा पास देतो." पण गडबडीत खिशाऐवजी त्यांनी पिशवीतच हात घातला. पिशवी कलंडली, डबा उघडला आणि सगळ्या कवळ्या बसच्या जमिनीवर खडखडत सुटल्या. एक ड्रायव्हरच्या खुर्चीखाली गेली, दुसरी एका आजोबांच्या बुटाला जाऊन भिडली. बायकांनी पाय वर घेतले. मागून कुणीतरी किंचाळलं, "चावली!"

"कुणी हलू नका!" काका ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच ते इतके मोठ्याने बोलले असतील. "त्यात मुख्याध्यापिकाबाईंची आहे, आज दुपारी त्यांचं भाषण आहे!"

मग तपासनीसांसकट सगळे वाकून दात वेचू लागले. आजोबांनी आपल्या बुटाजवळची उचलून नीट न्याहाळली आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा ही बरी दिसते." त्यांच्याकडून ती परत घेताना काकांना जोर लावावा लागला.

दात डब्यात गेल्यावर काकांनी खिशातून करडं कार्ड काढून दिलं. यंत्र गोड आवाजात टिंग झालं. हिरवा दिवा.

तपासनीसांनी कार्ड पुन्हा एकदा लावून पाहिलं. "तुमच्याकडे खरा पास आहे."

"आहे."

"मग खोटा का दाखवलात?"

"खरा चालत नाही म्हणून."

"चालतो की! हा बघा हिरवा."

"तुमच्याकडे चालतो, साहेब. यांच्याकडे मेंढी चालते."

तपासनीसांनी कंडक्टरबाईंकडे मान वळवली. बाई ठामपणे म्हणाल्या, "मेंढी रोजची आहे, साहेब. मी ओळखते तिला. हे करडं कार्ड कुणाचं आहे, ते विचारा आधी."

"बाई, हे करडं कार्डच आपल्या कंपनीचं आहे!" तपासनीस म्हणाले.

"असलं? यावर तर काहीच नाही. मेंढीवर निदान मेंढी तरी आहे."

तपासनीस मटकन शेजारच्या जागेवर बसले. बिनतिकीट माणसं त्यांनी खंडीभर पकडली होती. तिकीट असून फसवणूक करणाऱ्याचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी बाईंचं यंत्र मागितलं. पिशवीच्या तळातून ते वर आलं. पडद्यावरचं पातळ प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. सुरू केल्यावर त्याने आधी त्यांचं स्वागत केलं आणि कुठली भाषा हवी ते विचारलं.

"घरी जा, काका," तपासनीस थकून म्हणाले.

"मी कामाला चाललोय."

"मग कामाला जा."

पुढच्या आठवड्यात कंपनीने सगळ्या कंडक्टरांना आगारात बोलावलं आणि काकांनाही. एका रिकाम्या बसमध्ये प्रवाशाचं सोंग घेऊन त्यांनी बसायचं, कंडक्टरांनी कार्ड तपासायचं, असा बेत होता. शिकवणाऱ्या मॅडमनी काकांच्या हातात पत्त्यांसारखा कार्डांचा गठ्ठा दिला. वाचनालयाचं, पोहण्याच्या तलावाचं, चपलांच्या दुकानाचं. "यातलं कुठलंही खोटं कार्ड दाखवा, आणि चेहरा अगदी साळसूद ठेवा."

फटवाल्या बाई पुढे आल्या. काकांनी चेहरा साळसूद करायला घेतला. घाम फुटला, कान लाल झाले. चपलांचं कार्ड अर्धवट वर उचललं, खाली ठेवलं, आणि शेवटी न राहवून खिशातला खरा पास काढून दिला.

"काका, खोटं दाखवायचं होतं!" मॅडम कळवळून म्हणाल्या.

"जमत नाही हो मला."

पण बाईंनी तोवर यंत्र कार्डाला लावलं होतं. टिंग. बाईंनी हिरवा दिवा पाहिला, कार्ड पाहिलं, काकांना पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पास आहे! बसा!" मिशावाल्याने पहिली टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली, आणि मॅडमनाही वाजवावी लागली.

घरी आल्यावर काकूंनी सुयांवरून नजर न काढता विचारलं, "काय झालं? ओळखलं का?"

"ओळखलं."

"कुणाला? तुम्हाला की पासाला?"

काकांनी खिशातलं करडं कार्ड टेबलावर ठेवलं. "दोघांनाही," ते म्हणाले, आणि हात धुवायला आत गेले.