पाच विडे आणि एक ग्लायडर

नोकरीच्या सतराव्या वर्षी माझी डिटॅचमेंट माझ्याच तालुक्यात आली. फौजेत असं सहसा होत नाही. ॲडव्हेंचर ट्रेनिंगसाठी एक दोन सीटचा ग्लायडर, तो दोरानं वर ओढायला एक विंच, एक ॲम्ब्युलन्स आणि अकरा माणसं. मुक्काम पाच आठवडे. जागा जोयडा तालुक्यात, कुंभारवाड्याच्या अलीकडचा मोकळा माळ. मी हवालदार होतो, एअरफ्रेम टेक्निशियन. ग्लायडरला इंजिन नसतं, म्हणून लोकांना वाटतं त्यात बिघडण्यासारखं काही नसेल. लोकांचं काय जातंय बोलायला.

आमचे इन्स्ट्रक्टर सुभेदार मारुती पाटील, खानापूरकडचे. काटकुळा माणूस, आवाज मात्र परेड ग्राउंडचा. त्यांचा एक नियम होता. रिपेअरनंतर फॉर्मवर जो टेक्निशियन सही करेल, तो पहिल्या फ्लाइटला मागच्या सीटवर बसेल. मला उडायची भीती वाटते. आजही वाटते. साहेबांना ते माहीत होतं. "घाबरलेला माणूस नट नीट आवळतो," असं म्हणून ते मला शांतपणे मागं बसवायचे.

पहिल्या संध्याकाळी साडेपाचला आप्पा माळावर आला. आप्पा म्हणजे माझा थोरला चुलता. बाप लवकर गेला, मला त्यानंच वाढवलं. गावाच्या वतीनं देवापुढं गाऱ्हाणं तोच घालतो. आमच्याकडं नवं काही गावाच्या हद्दीत आलं, मग ते भात झोडायचं मशीन असो की पाण्याची मोटर, देवाला सांगितल्याशिवाय ते सुरू करत नाहीत. आप्पाबरोबर वीसेक माणसं होती.

"आमचा परशा ह्याच्यात बसतोय व्हय?" आप्पानं ग्लायडरभोवती एक फेरी मारली. "इंजिन न्हाई म्हणतासा. मग देवाला सांगाय पायजेच."

मी साहेबांकडं बघितलं. कॉकपिटमध्ये बाहेरची वस्तू नेऊ द्यायची नाही, हे माझं काम. मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "राहू दे देसाई. गावचा मान आहे."

आप्पानं पाच विडे मांडले. दोन पंखांवर, एक शेपटीवर, एक पुढच्या सीटवर, एक मागच्या. प्रत्येक विड्यावर आमच्याच बागेतली एक अख्खी सुपारी. "ह्या उडत्या गाडीत बसणाऱ्या लेकरांची राखण कर रे म्हाराजा." मागची माणसं "व्हय म्हाराजा" म्हणाली. साहेबही म्हणाले. नारळ फोडला, खोबरं वाटलं. अंधार पडायला लागल्यावर मी पानं, फुलं, सुपाऱ्या गोळा करून पिशवीत घातल्या. मग टूलकिट मोजलं. बावीस औजारं. प्रत्येक कामानंतर औजारं मोजायची सवय अंगात मुरलेली होती. सुपाऱ्या मी मोजल्या नाहीत. ते औजार थोडंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात दहाला साहेब एकटे उडाले. सात मिनिटांत खाली आले आणि कॅनपी, म्हणजे डोक्यावरचं काचेचं झाकण, उघडून तसेच बसून राहिले.

"नाक वर राहतंय," ते म्हणाले. "ट्रिम पूर्ण पुढं केला तरी स्टिक पुढं जायला कुरकुरते. मग अचानक मोकळी होते."

ट्रिम म्हणजे स्टिकला लावलेली स्प्रिंग. पायलटला हातानं सतत स्टिक ढकलत बसावं लागू नये, म्हणून ती असते. स्टिकपासून शेपटीच्या आडव्या फळीपर्यंत एक लांब रॉड जातो. स्टिक पुढं की नाक खाली, स्टिक मागं की नाक वर. एवढंच यंत्र.

मी क्रमानं सुरुवात केली. शेपटीचं कनेक्शन पक्कं. फळी मी हातानं दाबून धरली, साहेबांनी स्टिक हलवली. पुढं पूर्ण, मागं पूर्ण, कुठं अडकत नाही. पुढच्या सीटवर वजन कमी पडलं तरी नाक वर राहतं, म्हणून ते तपासलं.

"आमच्या बाईसाहेब म्हणतात तेच खरं, मी वाळलोय," साहेब म्हणाले.

वजन बरोबर होतं. ट्रिमची स्प्रिंग काढून नवीन स्प्रिंगशेजारी धरली. जुनी बोटभर लांब झाली होती. सापडलं, असं मला वाटलं. मागची सीट उचलून टॉर्च मारला. रॉड स्वच्छ. पुढची सीट मी उचलली नाही. तिचे सहा स्क्रू, ऊन चढत होतं, आणि दोष तर सापडला होता. हे मी सांगतोय कारण चौकशीतही मी हेच सांगितलं.

दहा वीसला मी फॉर्मवर सही केली. दहा पस्तीसला मागच्या सीटवर बसलो. आप्पा माळाच्या कडेला आंब्याखाली उभा होता. त्यानं हात वर केला. मी केला नाही, पट्टा घट्ट धरून होतो.

"विंच, रेडी."

"रेडी, सर."

"टेक अप स्लॅक. ऑल आउट," साहेब म्हणाले. दोर ताणला गेला आणि विंचनं जोरात ओढलं.

विंच लाँचला ग्लायडर नाक आभाळाकडं करून चढतो. पाठीवर झोपल्यासारखं होतं. तेवढ्यात माझ्या सीटखालून काहीतरी घरंगळत मागं गेलं आणि टक् करून थांबलं. मी ऐकलं. ते कशाचं आहे हे मला त्याच क्षणी समजलं.

नऊशे फुटांवर दोर सुटला. नाक खाली यायला पाहिजे होतं. आलं नाही. वाऱ्याचा आवाज कमी कमी होत गेला. ग्लायडरमध्ये शांतता झाली की समजायचं, वेग संपतोय.

"स्टिक पुढं जात नाही," साहेब म्हणाले. आवाजात काही फरक नव्हता. त्यांनी डावा पंख खाली टाकला. पंख कलला की नाक आपोआप पडतं. नाक पडलं, सीटखाली पुन्हा घरंगळल्याचा आवाज आला, आणि स्टिक मोकळी झाली.

"साहेब, सुपारी आहे."

"काय?"

"विड्यातली. मागच्या सीटच्या फटीतून खाली गेलीय. नाक वर झालं की मागं जाऊन रॉडच्या सांध्यात बसतेय. नाक खाली केलं की पुढं येतेय."

"हात पोचतो का बघ."

आम्ही पॅराशूट घातली नव्हती. खाली सुपा धरणाचं पाणी, बाकी सगळं जंगल, मोकळी जागा म्हणजे तेवढा माळ. मी खांद्याचे पट्टे सोडले, वाकलो, फटीत हात घातला. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं. बोटांना रॉड लागला. मग गोल, गुळगुळीत काहीतरी लागलं. मी ते दोन बोटांत धरलं. ग्लायडर जरा हलला आणि ते सुटलं.

"साहेब, सुटलं. अजून एकदा बघतो."

"उंची तीनशे. हात काढ."

"साहेब, लागली होती बोटाला."

"देसाई, हात काढ. पट्टे बांध. ऑर्डर आहे."

मी पट्टे बांधले. साहेबांनी नाक खाली ठेवूनच माळाकडं वळवलं. जमिनीजवळ आलं की नाक थोडं उचलावंच लागतं, नाहीतर ग्लायडर नाकावर आपटतो. हे त्यांना माहीत होतं, मलाही होतं. वीसेक फुटांवर त्यांनी अगदी हळू उचललं. सीटखालचा आवाज मागं गेला. टक्. नाक वर गेलं ते वरच राहिलं. वाऱ्याचा आवाज थांबला. पंख कलवायला खाली जागा नव्हती. मग डावीकडून आम्ही कोसळलो.

माझं गळपट्टीचं हाड मोडलं. पट्टे नसते तर मान मोडली असती, असं डॉक्टर म्हणाले. पुढची सीट साहेबांसकट जमिनीत दाबली गेली होती. आप्पा धावत आला. आधी मला नाही, त्यांना काढायला वाकला. ॲम्ब्युलन्समध्ये मी शेजारी बसलो होतो. घाटाच्या वळणांवर साहेबांचा हात खाली पडायचा, मी उचलून पुन्हा छातीवर ठेवायचो. अकरा चाळीसला नर्सिंग असिस्टंटनं गाडी थांबवायला सांगितली.

सुपारी ग्लायडरच्या सांगाड्यात सापडली. एका बाजूला हळद लागलेली होती. मी ती कोर्ट ऑफ एन्क्वायरीच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. एक गोष्ट सोडून.

"विडे ठेवायची परवानगी कोणी दिली?" प्रिसायडिंग ऑफिसरांनी विचारलं.

"मी, सर."

"सुभेदार पाटील तिथं होते?"

"होते, सर. त्यांचा विरोध होता. माझंच गाव म्हणून मी ऐकलं नाही."

सिव्हिअर रेप्रिमँड, म्हणजे रेकॉर्डवरची कडक ताकीद, मिळाली, प्रमोशन गेलं. त्याचं मला काही नाही. मेलेल्या माणसाच्या कागदावर डाग नको होता. फौज सोडल्यावर हे चारचौघांत पहिल्यांदाच बोलतोय. बाईसाहेबांना मी भेटून आलो आणि खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना न्हाई म्हणायलाच यायचं न्हाई कुणाला." आणि चहा टाकायला आत गेल्या.

आप्पाला मात्र मी सांगितलं नाही. एवढी हिंमत माझ्यात नव्हती. स्प्रिंग तुटली, असं सांगितलं. तो "व्हय" म्हणाला आणि भाताच्या कामाला लागला.

दरवर्षी आप्पा त्या माळावर गाऱ्हाणं घालतो. आता त्याला चालवत नाही, मी हाताला धरून नेतो. तो पाच विडे मांडतो आणि नाव घेतो, "सुभेदार मारुती पाटील, आमच्या मातीत पडले, आमचा परशा राखून गेले." आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणतो. मग आप्पा स्वतः खाली बसतो, एकेक सुपारी उचलून मोठ्यानं मोजतो आणि माझ्या तळहातावर ठेवतो. पहिल्या वर्षापासून असंच. त्याला कोणी सांगितलं, मी कधी विचारलं नाही.

"पाच," तो म्हणतो. "तू बी मोज."

मी मोजतो.