वणीहून निघालेलं यान

वणीत टेबलावर कोळशाची धूळ जशी साचते, तसे माझ्या दुकानात किस्से साचतात. सकाळी पुसा, जेवून येईस्तोवर पुन्हा थर! मी नितीन. कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान माझंच. पण इथं दुरुस्ती कमी आणि अंतराळप्रवास जास्त चालतो, हे गिऱ्हाइकांना सांगत नाही.

भंगारात आलेल्या एका जुन्या मशीनमध्ये तो गेम निघाला. फ्लॉपीच्या जमान्यातला. काळा पडदा, त्यावर ठिपक्यांचे तारे. आपण यान घ्यायचं, माणसं नेमायची, ग्रहांवर उतरून खनिज खणायचं, परग्रहवाल्यांशी बोलायचं आणि शेवटी आकाशगंगेच्या मधोमध पोचायचं. तिथं काय आहे, ते गेम सांगत नाही. यानातल्या माणसांना आम्ही, म्हणजे दुकानात जमणाऱ्यांनी, आमचीच नावं दिली. दुपारी शटर अर्धं ओढलं, की निघालो!

*

सुदामभाऊ राठोड यानाचे व्यापारी. तांड्यावर त्यांची शेती, पण रक्तात व्यापार.

"आमचे पणजे बैलायच्या पाठीवर मीठ लादून मुलुख हिंडले. मी ताऱ्यायवर हिंडून राह्यलो. धंदा तोच!"

एकदा समोर परक्यांचं लढाऊ जहाज आलं. गेमनं विचारलं, लढता, पळता की नमस्कार करता? मी ओरडलो, "पळा!" सुदामभाऊंनी निवांतपणे नमस्कार केला. धडाम! यानाचा एक कोपरा गेला. त्यांनी पुन्हा नमस्कार केला. पुन्हा धडाम!

"अहो, ते मारून राह्यले ना!"

"मारू दे बापा. पण राम-राम तं घ्यायले पाह्यजे का नाही?"

शेवटी घेतला हो त्यांनी राम-राम! वर आमचा सगळा मालही विकत घेतला.

*

शेजारच्या झेरॉक्सवाल्या सुषमाताई खरं तर भांडायला आल्या होत्या. "तुमच्या धडाम-धुडूमनं माझे गिऱ्हाइकं दचकून राह्यले!" म्हणाल्या, आणि तिथंच स्टुलावर बसल्या. तेव्हापासून त्या यानाच्या डॉक्टर.

एक ग्रह लागला. खनिज नाही, शत्रू नाही, नुसता निळा.

"इथं उतरा," ताई म्हणाल्या.

"ताई, इथं काहीच नाही."

"म्हणूनच म्हणून राह्यली. माझ्या माहेरासारखं दिसते. झरी जामणीकडे आमच्या वावरामागं असाच ओढा हाये."

पडद्यावर निळे चौकोन होते, बस! पण खरं सांगतो, बघत राहिलो तर मलाही ओढा दिसायला लागला. मग रोजचंच झालं. डबा खाल्ला, की यान तिथं उतरवायचं आणि काही करायचं नाही. बाहेर कोळशाचे ट्रक जात राहायचे, वर पंखा कुरकुरायचा, आणि आम्ही चौघं पाण्यात पाय सोडून बसलेले. तेवढा वेळ कोणालाच काही आठवायचं नाही. फार सुख वाटायचं.

*

चौथा प्रकाश मेश्राम, भुयारी खाणीत कामाला. तिथली रीत अशी, की पाळी संपली की खाली गेलेल्या माणसांची हजेरी होते. एक जरी कमी भरला, तरी हजेरी घेणारा जागचा हलत नाही. प्रकाशनं तीच रीत यानात आणली. उडायच्या आधी एकेक नाव वाचायचा आणि विचारायचा, "सगळे वर आले का?"

एकदा आगीच्या वादळात आमचा रोबो खाली राहिला. मी म्हटलं, "राहू दे ना बे, मशीन तं हाये!"

"मशीन असली म्हणून काय झालं? हजेरीवर हाये!"

पुन्हा खाली उतरून रोबो आणला. यानाचं बूड मात्र वितळलं.

*

मग मशीनची डिस्क खडखडायला लागली. गेम सेव्ह होईना. मला, दुरुस्तीवाल्याला, सांगावं लागलं, "आता हे एकदा बंद झालं, की गेम गेला." आणि आकाशगंगेचा मध्य तर हाकेवर आलेला! इन्व्हर्टर लावला, सुदामभाऊंनी ट्रॅक्टरची बॅटरी आणून दिली.

नेमकं तेव्हाच, निळ्या ग्रहावर आम्ही पाण्याशी बसलेलो असताना, प्रकाशच्या छातीत कळ आली. तसाच उचलून गाडीत घातला. नागपूर, बायपास.

दुकानात परतल्यावर आम्हा तिघांची माणसं यानात चढवली. प्रकाशचा माणूस राहिला खालीच, ओढ्यात पाय सोडून. तो प्रकाशच चालवायचा, आम्ही कोणी हात लावला नाही. पण मशीन चालू म्हणजे गेममधला काळही चालू. यानातलं धान्य उतरत चाललं. माझा जीव कासावीस. मध्यात काय आहे ते मला बघायचंच होतं!

"सुदामभाऊ, निघू या. त्याच्या माणसाले तिथं पाणी हाये. अन् शेवटी गेमच तं हाये!"

सुदामभाऊंनी बॅटरीची वायर घट्ट केली. सुषमाताईंनी कीबोर्ड उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला.

थांबलो. इन्व्हर्टर कुईं करायचा, तेव्हा तिघंही मशीनकडे धावायचो.

आणि एका दुपारी प्रकाश आला. छातीशी उशी धरून, एकेक पायरी चढत. पडद्यावर धान्य संपलेलं, आमची माणसं आडवी पडलेली. तो भडकलाच.

"येडे झाले का बे तुम्ही? कायले थांबले? आतापर्यंत पोचले असते ना!"

सुदामभाऊ मॉनिटरवरची धूळ पुसत होते. पुसता पुसता म्हणाले,

"हजेरी पुरी नोती."

ताईंनी कीबोर्ड प्रकाशपुढं सरकवला. त्यानं एका बोटानं कळ दाबली. निळ्या पाण्यातून एक ठिपका निघाला, हळूहळू यानात शिरला.

मग त्यानं नावं वाचायला घेतली. "नितीन... सुदामभाऊ... सुषमाताई..."

शेवटचं नाव त्याचं स्वतःचं होतं. आम्ही तिघंही एकदम ओरडलो, "वर आला!"