पंख तुटले नव्हते, काढले होते

आमच्या घरी पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा विणकरांच्या संघटनेची पत्रकं छापून आणायचे आणि मी फरशीवर बसून त्यांच्या घड्या घालायचो. छापलेल्या शब्दाबद्दलचा माझा आदर तिथून आला, आणि छापलेल्या खोट्याबद्दलची चीडही. मार्चमधल्या त्या सकाळी आईने वर्तमानपत्राचं तिसरं पान माझ्या बहिणीसमोर ठेवलं, तेव्हा माझा चहा तसाच थंड झाला.

‘कळमेश्वरजवळ विमान कोसळले. इंजिन बंद पडल्याने अपघात, दोघे बालंबाल बचावले.’ खाली फोटो. कापणी झालेल्या हरभऱ्याच्या शेतात विमानाचं पांढरं धड, आणि शेजारी मातीत दोन लांब पंख. फोटोखाली लिहिलं होतं, ‘धडकेने तुटलेले पंख’.

त्या दोघांपैकी एक माझी बहीण होती. वय एकोणीस, कॉलेज सांभाळून शहराबाहेरच्या एका छोट्या क्लबात ग्लायडर उडवायला शिकत होती. दुसरे तिचे शिकवणारे सर.

“काल तर तू म्हणत होती, उतरलो,” आई म्हणाली. “इथं कोसळलो लिहून आहे.”

“उतरलोच वं आई. चहा पिऊन आलो शेतवाल्यांच्या घरी.”

“मग पंख काहून तुटले?”

“तुटले नाही. आम्हीच काढले.”

आईचा विश्वास बसला नाही, आणि त्यात तिची चूक नव्हती. ग्लायडरला इंजिन नसतंच. जमिनीवरचं यंत्र दोर ओढून त्याला वर चढवतं, दोर सुटला की ते घारीसारखं गरम हवेवर तरंगतं. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर कुठे वळतो ते पाहून बहीण वाऱ्याचा अंदाज घ्यायची. हवेने उचललं नाही तर चालक वेळीच एखादं मोकळं शेत हेरून तिथे उतरतो. शेतातून पुन्हा उडता येत नाही, म्हणून खिळी काढून पंख सोडवायचे, लांबलचक गाडीत घालायचे आणि रस्त्याने घरी यायचं. बातमीदार नेमका पंख काढून ठेवल्यावर पोचला. त्याने कोणाला काही विचारलं नाही. फोटो काढला आणि गेला.

आता अडचण सहीची होती. बहीण पुढच्या रविवारी पहिल्यांदा एकटी उडणार होती आणि क्लबला घरच्या माणसाची लेखी संमती लागायची. तो फॉर्म आईने सही न करता पोळ्यांच्या डब्याखाली सरकवून दिला. दुपारी उमरेडहून मावशीचा फोन आला, तिने तीच बातमी फोनवर वाचून दाखवली. संध्याकाळपर्यंत फॉर्म डब्याखालून कपाटात गेला.

मला दुसरं काय येत होतं? मी पत्रक लिहायला बसलो. मथळा होता, ‘इंजिन नसलेल्या विमानाचे इंजिन बंद पाडणाऱ्या पत्रकारितेचा जाहीर निषेध’. त्याखाली दोन पानं. शेवटी ठोकून दिलं की ग्लायडर हे जगातलं सर्वांत सुरक्षित वाहन आहे, ते कोसळूच शकत नाही.

बहिणीने वाचलं आणि कागद माझ्या मांडीवर टाकला. “हे कोणी सांगितलं तुले?”

“कोणी कशाला सांगायला पाहिजे?”

“कोसळते, दादा. माणसं मरतात. सरांचा दोस्त गेला असाच. तो पेपरवालाही वर आला नव्हता आणि तूही नव्हता आला. दोघंही जोरात लिहून राहिले.”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी लाल पेन काढलं होतंच. “विशेषणं काढ गा आधी,” ते म्हणाले. “मग काय उरते ते पाह्य.”

चार ओळी उरल्या : ग्लायडरला इंजिन नसतं, ते शेतात उतरलं, पंख काढून ठेवले होते, कोणाला लागलं नाही. मला तेव्हा ते अपमानास्पद वाटलं.

त्या चार ओळी घेऊन मी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. बातम्या नीट करणारे गृहस्थ बाबांच्या वयाचे होते. भांडायची सगळी तयारी करून गेलो होतो, पण त्यांनी समोर खुर्ची सरकवली.

“इंजिनचं मीच टाकलं,” ते सरळ म्हणाले. “पोराने कारण लिहिलंच नव्हतं. विमान खाली आलं म्हणजे इंजिन गेलं असंल, असं समजलो मी. दुसरं काय समजणार?”

“विचारायचं होतं ना.”

“कोणाले? पान छपाईला सोडायचं होतं.” मग त्यांनी माझा कागद दोनदा वाचला. “आणि ‘ग्लायडर शेतात उतरले’ ही काय बातमी होते काय गा?”

“नाही होत. मग छापू नका.”

ते बराच वेळ हसले. दोन दिवसांनी आतल्या पानावर चारही ओळी जशाच्या तशा आल्या. वरचा मथळा त्यांचा होता, ‘ग्लायडर अपघात : वाचकाचा खुलासा’.

मी तो अंक आईसमोर नेला. ती कणीक मळत होती. तिने पाहिलाही नाही. “पेपर राहू दे,” ती म्हणाली आणि बहिणीकडे वळली. “तू सांग. भेव वाटलं?”

“वाटलं. उतरायले मी जे वावर धरलं होतं ना, त्याच्यातून विजेच्या तारा जात होत्या. मले उशिरा समजलं. सरांनी आधीच पाह्यलं होतं. मग बाजूचं वावर घेतलं.”

मी मनात म्हटलं, गेली सही.

आई मळत राहिली. “तारा दिसत नाहीत काय वरून?”

“नाही दिसत. खांब पाहावे लागतात. दोन खांब दिसले की मधात तार आहे असं धरून चालायचं.”

“मग आता पाहतं खांब?”

“आधी खांबच पाहतो.”

आईने हात धुतले, कपाटातून फॉर्म काढला आणि सही केली. माझी दोन पानं आणि छापलेल्या चार ओळी यांचं कुठे नावही निघालं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी बहीण एकटी वर गेली. आम्ही तिघं मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली उभे होतो. तिथे कोणाबरोबर तरी आलेल्या एका बाईंनी आईला विचारलं, “हे पडते म्हणतात ना हो?”

“पडते कधी कधी,” आई वर पाहतच म्हणाली. “आमची पोरगी आता उतरून राहिली.”