धुरपदाबाईचं कोपर

“कोपर भिंतीले लागलं, की समजा ते घर नाही, डबा हाय.”

धुरपदाबाईचं हे बोलणं बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातल्या लहान पोरांनाही पाठ आहे. कुणी नवं घर बांधलं, कुणी भाड्याची खोली बदलली, कुणी गच्चीवर पत्र्याची खोली चढवली, की ती सरळ स्वयंपाकघरात जाते, मधोमध उभी राहते, दोन्ही हात पसरते आणि जागच्या जागी सावकाश एक गिरकी घेते. लोक हसतात. ती हसत नाही. गिरकी पुरी झाली की मगच तोंड उघडते.

या गिरकीमागे तिचं कसब आहे. धुरपदाबाई मांडे करते. आमच्या तुकईथड गावची लेक. आईच्या हाताखाली शिकली आणि लग्न होऊन बुऱ्हाणपुरात गेली. तापीच्या या काठाला आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं जेवण असो की लग्नाचं, मांड्यांशिवाय पंगत बसत नाही. आणि मांडा पोळपाटावर होत नाही, हातावर होतो, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. वस्त्रगाळ पिठाची कणीक अशी मळायची, की ओढली तर दोऱ्यासारखी लांबावी. पुरण भरलेला गोळा थोडा लाटायचा, मग उचलून या हातावरून त्या हातावर झेलत वाढवायचा. तो मनगट ओलांडतो, कोपरापर्यंत येतो, असा पातळ होतो की त्याच्याआडून चुलीचा जाळ लाल दिसतो. मग एकच झोका, आणि मांडा उपड्या खापरावर. त्या झोक्याला कोपर कुठे अडलं, तर मांडा फाटला आणि केलेलं सगळं वाया. पस्तीस वर्षं ही बाई हे करते आहे. भिंत किती लांब आहे, हे तिच्या डोळ्यांआधी तिच्या कोपराला कळतं.

तिचा मुलगा समाधान पुण्यात एका कंपनीच्या गोदामात सुपरवायझर आहे. सून रंजिता रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. दोघांना मिळून एक खोली होती. पलंग भिंतीशी उभा केला की जेवायला बसता येई. जेवण झालं की पलंग आडवा. अशा खोलीत लेकरू कुठे ठेवायचं? म्हणून तेजस्विनी चार वर्षांची असताना त्यांनी तिला शनवाऱ्यात आजीकडे आणून सोडलं. “घर झालं की नेऊ,” म्हणाले. पण समाधान पगाराची एक पायरी चढायचा, तोवर पुण्यातली घरं दोन मजले वर गेलेली असायची. असं करत तीन वर्षं गेली.

दर रविवारी फोन यायचा. तेजस्विनी पहिलाच प्रश्न विचारायची, “पप्पा, घर मिळालं क्या?”

“नाही बेटा. ढूंढून राहिलो.”

त्या ‘नाही’ने धुरपदाबाईला वाईट वाटायचं. आणि त्या वाईट वाटण्याच्या पार तळाशी, गाळासारखं, थोडं बरंही वाटायचं. सकाळी वेणी घालायला एक डोकं घरात होतं. कणीक मळताना मांडीला टेकून बसणारं, “मला एक छोटा गोळा दे ना” म्हणणारं कुणी होतं. ते बरं वाटणं तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या मार्चात समाधानचा फोन आला. “माय, यंदा जूनमध्ये तेजूला पुण्याच्या शाळेत टाकायचंच. आता नाही नेली, तर तिला आमच्याजवळ राहायची सवयच राहणार नाही. तू ये. सत्तावीस घरं पाहिली. आता डोळे काम नाही करत.”

“मंग मी येऊन काय करू?”

“तुझं कोपर घेऊन ये.”

तेजस्विनीला शेजारच्या रंभाबाईकडे सोडून धुरपदाबाई गाडीत बसली. सोबत तुकईथडच्या केळ्यांची एक फणी होती. पुण्यात उतरताच तिने फळवाल्याच्या हातगाडीवरची केळी बघितली, भाव विचारला, तो ऐकून हबकली आणि हातातली फणी पदराखाली झाकून घेतली.

रविवारी तिघं शहराबाहेर बांधकाम चाललेल्या एका मोठ्या वसाहतीत गेले. दारातच ऋषिकेश नावाचा तरुण भेटला, गळ्यात टाय, हातात रंगीत कागद. घरं दाखवायची आणि विकायची हे त्याचं काम. त्याने नमुन्याचं घर दाखवलं. आत गारवा, भिंतीवर चित्रं, टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं. रंजिताने पडद्याला हात लावून पाहिला. कर्जाचा हप्ता जड होता, पण ओढला असता.

धुरपदाबाई स्वयंपाकघरात गेली. हात पसरले. गिरकी घेतली.

“आजी काय करतायत?” ऋषिकेशने समाधानला हळूच विचारलं.

“घर मोजून राहिली.”

“अहो, आमच्याकडे लेझरचं मशीन आहे.”

“राहू दे बेटा,” धुरपदाबाई म्हणाली. “तुझं मशीन मांडा नाही फेकत.” मग समाधानकडे वळून, “नाही लागलं. मोकळं हाय.”

समाधानने तिथल्या तिथे खिशातून चेकबुक काढलं. सत्तावीस घरांचा थकवा त्याच्या तोंडावरून उतरताना दिसला.

“थांब,” धुरपदाबाई म्हणाली. “आता खरं घर दाखव.”

“आजी, हे तसंच आहे.”

“तसंच हाय, मतलब ते नाही. इथं तं नळाले पानी बी नाही. जे आम्ही घेऊन राहिलो, ते दाखव.”

“वर काम चालू आहे हो. लिफ्ट बंद आहे. सात मजले आहेत. हेल्मेट घालावं लागेल.”

“घालते ना. डोक्यावर पाटी वाहिलेली बाई हाय मी.”

पदरावर पिवळं हेल्मेट घालून धुरपदाबाई सात मजले चढली. रंजिताने तिचा फोटो काढून तेजस्विनीला बघायला म्हणून रंभाबाईच्या फोनवर पाठवला. चौथ्या मजल्यावर ऋषिकेश वाळूच्या गोणीवर टेकला, तेव्हा धुरपदाबाई त्याला म्हणाली, “बैस, बैस. मी सांगते तुले वर काय हाय ते.”

वर खिडक्यांना काचा नव्हत्या, पण भिंती पुऱ्या झाल्या होत्या. ती स्वयंपाकघरात मधोमध उभी राहिली. हात पसरले. अर्धी गिरकी झाली आणि ठक्क आवाज आला.

“लागलं.”

“आजी, जिने चढून तुमचं कोपर सुजलं असेल,” दारात पोचलेला ऋषिकेश धापा टाकत हसला.

“काढ तुझं मशीन.”

त्याने काढलं. लाल ठिपका भिंतीवर जाऊन बसला. आकडा पाहून त्याने मशीन झटकलं, पुन्हा लावलं. खाली जाऊन नमुन्याचं स्वयंपाकघर मोजून आला. दोन्हींत आठ इंचांचा फरक होता. खालच्या मधल्या भिंती नुसत्या फळ्यांच्या होत्या, रंग दिलेल्या. वरच्या विटांच्या, त्यावर दोन्ही बाजूंनी प्लास्टर.

“आईशप्पथ, मलाही माहीत नव्हतं,” ऋषिकेश म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. “दीड वर्ष विकतोय मी ही घरं.”

“तुझ्यावर कुठं बोलून राहिली मी? घे, केळं खा.” आणि झाकून ठेवलेली फणी तिने इथे, सातव्या मजल्यावर, उघडली. चौघांनी सिमेंटच्या पोत्यांवर बसून केळी खाल्ली. समाधानने चेकबुक पुन्हा खिशात ठेवलं.

संध्याकाळी ऋषिकेशचाच फोन आला. “आजी, मी भाड्याने राहतो त्या जुन्या बिल्डिंगमध्ये एक घर विकायचंय. आमच्या साहेबांना सांगू नका. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हॉल लहान आणि किचन त्याच्याहून मोठं, म्हणून कुणी घेत नाही. येणारा प्रत्येक जण विचारतो, सोफा कुठे ठेवायचा?”

“आमच्याजवळ सोफाच नाही,” धुरपदाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं तिथे गेले. घर मालतीबाईंचं होतं. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, लेकीकडे नाशिकला निघालेल्या. दार उघडताच म्हणाल्या, “हॉल लहान आहे, लिफ्ट नाही, पावसाळ्यात गॅलरीत पाणी येतं. आधीच सांगते. नंतर तोंडं पाडून जाऊ नका.”

मग त्यांनी किंमत सांगितली. समाधान आणि रंजिता दोघांनी एकदम मान खाली घातली. तोंडावरचा आनंद दिसला, तर बाई किंमत वाढवतील, ही भीती.

धुरपदाबाई एकटी आत गेली. लांबरुंद स्वयंपाकघर होतं. पूर्वेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा ओट्यावर पडला होता, आणि ओट्याच्या टोकाला एक कोपरा असा होता, की तिथे सात वर्षांची पोर पाय हलवत बसेल, पाटी-पुस्तक मांडेल, आणि तिची आई पोळ्या करता करता तिला पाढे विचारील. धुरपदाबाईला ते सगळं दिसलं. त्यात ती स्वतः कुठे दिसली नाही. तिने हात पसरले. गिरकी घेतली. कुठेही काही लागलं नाही. चारी बाजूंनी वीतभर जागा उरली.

ती बाहेर आली आणि म्हणाली, “लागलं.”

कुणी हरकत घेतली असती, तर ती भांडली असती. भांडायला ती कधीच मागे नाही. पण समाधान नुसतं “बरं” म्हणाला. “तू म्हणतेस तर नाही.” आणि जिन्याजवळ जाऊन बूट घालू लागला. तेहतीस वर्षांचा मुलगा, खाली वाकून नाडी बांधत होता. रंजिताने पर्स उचलली. खिडकीकडे एकदाच बघितलं.

“कुठे हो लागलं?” चहा घेऊन आलेल्या मालतीबाई म्हणाल्या. “बावीस वर्षं पोळ्या लाटल्या मी तिथे. मला नाही कधी लागलं.”

धुरपदाबाईने कप घेतला. फुंकर घातली. प्यायली नाही. समाधानची दुसऱ्या बुटाची नाडी बांधून होत आली होती.

“समाधान, बूट काढ.”

“काय झालं माय?”

“नाही लागलं. खोटं बोलली मी.” ती कपाकडे बघत म्हणाली. “घर झालं, की पोरगी जाईन. म्हनून बोलली.”

मालतीबाई बशी पुसत राहिल्या. रंजिता पुढे आली आणि सासूच्या हातातला कप काढून घेऊन खाली ठेवला. “आई, मग तुम्हीही इथे या ना. तुम्हाला सोडून कोण चाललंय?”

“मी कायले येऊ? शनवाऱ्यातली लग्नं कोन उरकीन, तू?” धुरपदाबाईने डोळे पुसले आणि चढ्या आवाजात म्हणाली, “आन् मांडे मी करते तसे जगात कोनी करत नाही, हे तुमच्या पुन्याले अजून माहीत नाही.”

“अहो, पण मी काय समजू?” मालतीबाई म्हणाल्या. “घेताय की नाही?”

“घेतो! फक्त तुमच्या चहात साखर कमी हाय.”

मग मालतीबाईंना राहवेना. त्यांनीही स्वयंपाकघरात जाऊन हात पसरून गिरकी घेतली आणि फळीवरचा पोह्यांचा डबा पाडला. घरभर पोहे झाले. ते गोळा करता करता व्यवहार ठरला.

कर्ज मंजूर व्हायला एप्रिल गेला, कागद व्हायला मे. जूनच्या पहिल्या आठवड्यात समाधान आणि रंजिता लेकीला न्यायला बुऱ्हाणपूरला आले. तेजस्विनीने शाळेतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, “माझ्या घराची किचन इतकी बडी आहे, की आजीने पण पास केली.”

लालबागेच्या बाजूला स्टेशन आहे. धुरपदाबाई पोचवायला आली. डब्यात चढून तिने सामान बाकाखाली सरकवलं, शेजारच्या माणसाला “पोरीले खिडकी द्या, पहिल्यांदा आपल्या घरी चालली” असं बजावून जागेवरून उठवलं, नातीची वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली आणि खाली उतरली. गाडी सुटायला अजून वेळ होता.

“आजी, थांब ना, गाडी चलेपर्यंत,” तेजस्विनी खिडकीच्या गजांतून म्हणाली.

“नाही वं बाई. दुपारी दीडशे मांड्यांची ऑर्डर हाय. पीठ भिजवून आली मी.” तिने गजांमधून हात घालून नातीच्या गालाला लावला, बोटं मोडली. “रविवारी फोन करजो. आता मी विचारीन तुले, काय काय मिळालं ते.”

आणि ती निघाली. जिन्याशी एक बाई जांभळं घेऊन बसली होती. तिच्यापुढे धुरपदाबाई थांबली, भावावरून चांगलीच बोलली, दोन जांभळं चाखायला म्हणून तोंडात टाकली, एक द्रोण घेतला आणि पुलाच्या पायऱ्या चढू लागली. तेजस्विनी गजांना गाल लावून बघत होती. तिच्या डोक्यावरून रंजिता बघत होती. समाधान दाराशी उभा होता, आणि जागेवरून उठवलेला तो माणूसही का कोण जाणे, वाकून बघत होता. पुलावर माणसांची गर्दी होती. तिच्यात धुरपदाबाईची हिरवी साडी थोडा वेळ दिसली, मग एका सायकल खांद्यावर घेतलेल्या माणसाच्या मागे गेली. सायकल पुढे सरकली, तेव्हा तिथे कुणी नव्हतं.