भावजींचा थांबा

मोटारीसाठी जीव टाकणारा आणि मोटारीत पाय ठेवताच ओकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे चुलत दीर. गावाला सरकारी मोटार यावी म्हणून त्यांनी डेपोत इतके अर्ज दिले, की कारकून त्यांना लांबून बघूनच खिडकी लावून घ्यायचा. अर्ज द्यायलाही जायचे पायीच. डिझेलचा वास सोसत नव्हता ना!

मोटार यायच्या कितीतरी आधी त्यांनी थांबा केला. वेशीजवळच्या लिंबाला पत्रा ठोकून त्यावर लाल रंगानं 'थांबा' लिहिलं. खाली कुणी टेकलं की ओरडायचे, "रांगेत बसा!" आपल्या बैलगाडीलाही त्यांनी घंटी बांधली. एक टोला थांबायला, दोन निघायला. पुढं पुढं दोन टोल्यांशिवाय बैल हलेनात. पुढच्या फळीवर 'स्त्रियांसाठी' लिहिलं आणि तिथं बसलेल्या स्वतःच्या सासऱ्याला उठवलं.

"भावजी, मोटार काहून येत न्हाई?" मी चिडवायची.

"सरकारचं धोरण शिजून राहिलं, वैनी."

"करपायच्या आत उतरवा म्हनावं."

मी हसत होते, पण मोटार मलाही हवी होती. माझी सुमन सातवी पास झाली होती आणि आठवीची शाळा बाळापूरला, तीन कोसांवर. मी चौथीत शाळा सोडलेली बाई. पोरीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर मोटार आली, पण महिन्याच्या बोलीवर. माणसं चढली तर राहणार, नाही तर बंद. सुमन रोज जाऊ लागली. मग डेपोतून निरोप आला, साहेब माणसं मोजायला येणार. भावजी घरोघर फिरले. "उद्या समद्यांनी थांब्यावर या. धुतलेले कपडे घाला." आमच्याकडं एक जण गावाला निघाला की दहा जण पोचवायला जातात, इथं तर अख्खं गाव आलं. मी सुमनला म्हणाले, "आज शाळा ऱ्हाऊ दे. साहेबाला चहा दे."

साहेबानं चहा घेतला, वही उघडली. "चला, कोण कोण येतंय?"

कुणी हललं नाही. जायचं कुणालाच नव्हतं. एक म्हातारा चढला, मोटार आतून बघितली आणि उतरला.

"साहेब, इतके मानसं हायेत, बराबर मोजा की!" भावजी म्हणाले.

"उभे असलेले मोजत नाहीत, काका. चढलेले मोजतात."

मग भावजी तोंडाला रुमाल लावून स्वतःच चढले. ओढ्यापाशी ओकले, तिथंच त्यांना उतरवलं. वहीत नोंद झाली ती या एकाच प्रवाशाची. रोजची प्रवासी कपबश्या घेऊन उभी होती.

मोटार बंद झाली. पावसाळ्यापर्यंत भावजी सुमनला बैलगाडीतून शाळेत सोडत राहिले. मग चिखल झाला, पेरण्या आल्या, आणि घरच्यांनी स्थळ आणलं. साहेबावर माझा राग नाही. त्यानं त्याचा नियम पाळला. त्या दिवशी पोरीच्या हातात चहाचं ताट मी दिलं होतं.

सासरी जाताना सुमन त्याच गाडीत, त्याच फळीवर बसली. गाव पोचवायला उभं होतं. भावजींनी एक टोला दिला आणि घंटीची दोरी धरून बसले. बैल जागचे हलेनात.

"भावजी, वाजवा की."

"हात चालून न्हाई राहिला, वैनी."

शेवटी दोरी मी घेतली. दोन टोले मीच दिले.