दिनकरच्या मागच्या सीटवर

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहरातल्या द्वारका चौकात त्याचीच वाट पाहत उभा होतो. पंधरा मिनिटं झाली होती आणि मनातल्या मनात मी त्याला दोन-चार शिव्याही घातल्या होत्या. तो पिंपळगावला शाळेत शिक्षक, मी तिथल्याच एका कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला. सोळा वर्षं मी त्याच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून कामावर गेलो. माझं हेल्मेटसुद्धा तोच सांभाळायचा.

शोकसभेत माझे मालक बोलले. "सचोटी म्हणजे दिनकर सर!" म्हणाले आणि चक्क रुमालानं डोळे टिपले. मग मी बोललो. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत म्हणून, नाहीतर मला नक्की पडल्या असत्या. सांगायची गोष्ट मात्र मी तिथंही गिळली. ती आता, दीड महिन्यानं लिहितो आहे. आता तिचा कोणाला काही उपयोग नाही, हे मला कळतं.

नऊ वर्षांपूर्वी, संध्याकाळी घरी येताना, ओझरच्या अलीकडे एका गाडीनं आमच्या डोळ्यांदेखत रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या बाईला उडवलं. पॅकहाउसमध्ये दिवसभर द्राक्षं भरून ती घरी निघाली होती. जागीच गेली. स्टिअरिंगमागून उतरला तो माझ्या मालकांचा पुतण्या. त्यांचा पगारी ड्रायव्हर उतरला तो शेजारच्या सीटवरून. पोलिसांत मात्र ड्रायव्हर "मीच चालवत होतो" म्हणून हजर झाला. दिनकरनं जे पाहिलं ते सांगितलं. मी सांगितलं, "मी मागे बसलो होतो, मला काही दिसलं नाही." माझी मुलगी दहावीला होती, नोकरी त्यांचीच होती... कारणं माझ्याकडे भरपूर होती.

दिनकरच्या जबाबामुळे पुतण्यावर खटला उभा राहिला आणि मग तारखा सुरू झाल्या. कधी वकील गैरहजर, कधी जज्जसाहेब रजेवर. आदल्या दिवशी दिनकर एवढंच म्हणायचा, "उद्या तुझं तू ये, माझी तारीख आहे." अखेर साक्ष झाली. पुतण्याच्या वकिलानं स्टिअरिंगमागून उतरलेल्या माणसाच्या शर्टाचा रंग विचारला. पोलिसांना त्यानं निळा सांगितला होता. कोर्टात म्हणाला, "तेव्हा सांगितला होता. आता डोळ्यांसमोर येत नाही." हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मीच चिडलो. "अरे, निळा म्हणायला तुझं काय जात होतं?"

"आठवत नाही तर कसं म्हणू?"

वकिलानं पुढे डिवचलं होतं, तुमचे मित्र तर काहीच दिसलं नाही म्हणतात! "त्याला काय दिसलं ते त्याला विचारा," असं दिनकर म्हणाला. मला कोणी विचारलं नाही. दुसरा साक्षीदार नाही, म्हणून पुतण्या सुटला. त्या बाईचा नवरा कोर्टाबाहेर दिनकरला हात जोडून म्हणाला, "सर, तुमी येत राहिले तेच लय झालं." हेही मी नंतर दिनकरकडून, मागच्या सीटवर बसूनच ऐकलं.

त्याच वर्षी मी मॅनेजर झालो. पेढे दिनकरनंही खाल्ले.

नंतरही आम्ही रोज त्याच रस्त्यानं गेलो. त्या जागी तो स्कूटर हळू करायचा, बस्स. मला एका शब्दानं बोलला नाही. त्याच्या त्या गप्प राहण्याचा मला भयंकर राग यायचा. तो भांडला असता तर मीही भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

मागच्या आठवड्यात वहिनींकडे गेलो. दारामागे दोन्ही हेल्मेटं टांगलेली होती. माझं काढून त्यांनी पदरानं पुसलं, हातात दिलं आणि विचारलं, "भाऊजी, तुम्हाला खरंच काही दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं, वहिनी."

"त्यांना माहीत होतं. मी म्हणायचे, मग विचारा की सरळ. तर म्हणायचे, मी विचारलं तर माझ्या भिडेखातर सांगेल. त्याचं त्याला सांगू दे."

मी चौकात पंधरा मिनिटं थांबलो तर त्याला शिव्या घातल्या. तो माझ्यासाठी नऊ वर्षं थांबला होता...

हेल्मेट आता माझ्या दारामागे आहे. बायको म्हणते, कोणाला तरी देऊन टाका. मी बसनं जातो-येतो. त्या जागी बस हळू होत नाही.